कामकरी माशी स्वतःची अंडी सोडून बहिणी का वाढवते?

प्रश्न (मुलुंडकर): आमच्या इमारतीत सातव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लागले आहे. बंद खिडकीतून ते रोज पाहताना एक शंका पिच्छा सोडत नाही. हजारो कामकरी माश्या राणीच्या पिल्लांसाठी राबतात आणि प्रसंगी डंख मारून जीवही देतात. मग ज्यांना स्वतःची संततीच नाही, त्यांची ही वृत्ती पुढच्या पिढीत उतरते तरी कशी?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दादर): हाच पेच 1859 मध्ये डार्विन यांनाही पडला होता आणि नैसर्गिक निवड एकट्या जिवाबरोबरच कुटुंबावरही होऊ शकते, असे उत्तर त्यांनी दिले होते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये त्याला गणिताची बैठक दिली. नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो त्याच्या प्रत्येक मुलीला जसाच्या तसा मिळतो. त्यामुळे सख्ख्या बहिणींचे नाते, म्हणजे समान जनुकांचा वाटा, तीन-चतुर्थांश भरते, स्वतःच्या मुलीशी मात्र निम्मेच. म्हणून बहिणी वाढवूनही कामकरी माशीची जनुके, आणि त्यांच्यासोबत ही वृत्ती, पुढच्या पिढीत उतरते.

उत्तर (रानवाटा): सरांचे गणित बरोबर आहे, पण ते एका बापाच्या घराचे आहे. मधमाश्यांची राणी डझनभर किंवा त्याहून अधिक नरांशी समागम करते, त्यामुळे पोळ्यातल्या बहुतेक बहिणी सावत्र असतात आणि त्यांचे नाते एक-चतुर्थांशावर येते. भावाशीही तेवढेच. मग शिस्त राहते कशी? कामकरी माशीला अंडाशय असतो. समागम न झाल्याने ती फक्त नराची अंडी घालू शकते. परंतु राणी असताना तिने असे अंडे घातलेच, तर इतर कामकरी माश्या ते हुडकून खाऊन टाकतात, हे रॅटनिक्स आणि व्हिशर या संशोधकांनी 1989 मध्ये दाखवले. सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा त्यांना दुपटीने जवळचा असतो. (राणी नाहीशी झालेल्या पोळ्यात मात्र हा पहारा ढिला पडतो आणि आखूड पोटामुळे मेणाच्या घरांच्या तळापर्यंत न पोहोचलेली अंडी त्यांच्या भिंतींना चिकटलेली दिसतात.)

मुलुंडकर: मग मुळात सुरुवात कशी झाली?

रानवाटा: पूर्वज माद्या एकाच नराशी समागम करीत, असे 2008 मधील एका तौलनिक अभ्यासातून दिसते. म्हणजे सुरुवातीला घर एकाच बापाचे होते; अनेक नरांची रीत कामकरी माश्यांची समागमक्षमता गेल्यानंतरची आहे. आणि ज्या डंखाने माशी जीव देते, तो मूळच्या अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे.