अक्षरं वाढवली तरी एफझेडवर थीटा वाढत नाही

ईईजी_नवखा
ईईजीवर (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूची विद्युत नोंद) स्टर्नबर्ग टास्क (अक्षरं लक्षात ठेवायची), ३२ चॅनेल. २, ४ किंवा ६ अक्षरं, मग १ सेकंद कोरा पडदा, मग प्रोब (हे अक्षर आधी होतं का, असं विचारणारं). वर्किंग मेमरीवरचा भार वाढला की एफझेडवर (डोक्याच्या पुढच्या भागात मध्यावरचा इलेक्ट्रोड) ४ ते ८ हर्ट्झचा थीटा (मेंदूतली संथ लय) वाढतो, असं वाचलंय. इथे २ आणि ६ सारखेच. गॅमा (४० हर्ट्झच्या आसपासची जलद लय) मात्र झकास दिसतोय. थेट थीटा-गॅमा कपलिंग (थीटाच्या फेजनुसार गॅमाचा जोर बदलतो का ते) काढू का?

तरंगलांबी
आधी कोरा पडदा ३ सेकंदांचा करा. ४ हर्ट्झची ५ आवर्तनं म्हणजे सव्वा सेकंद. एवढी वेव्हलेट (लय मोजायची छोटी लहर) १ सेकंदात बसवलीत की अलीकडून अक्षरांचा आणि पलीकडून प्रोबचा प्रतिसाद आत झिरपतो, आणि तो तिन्ही भारांना जवळपास सारखाच असतो. कोऱ्या पडद्याचा पहिला अर्धा सेकंदही टाकून द्या. बेसलाइन (तुलनेसाठीचा काळ) अक्षरं यायच्या आधीची हवी. डोळ्यांची उघडझाप एफझेडपर्यंत पोचते, तेव्हा आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करायची पद्धत) केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पडताळा म्हणून मागच्या चॅनेलवर अल्फा (८ ते १२ हर्ट्झची लय) बघा. या टास्कमध्ये तो भाराबरोबर सहसा वाढतो. तोही हलत नसेल तर गडबड ट्रिगरमध्ये (अक्षरं कधी आली याच्या नोंदीतल्या खुणा) शोधा.

गामा_संशयी
त्या 'झकास' गॅमावर माझा अजिबात विश्वास नाही. अक्षर दिसल्यावर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी येतोय का? मग तो बहुधा डोळ्यांच्या सूक्ष्म झटक्यांचा. हे २००८ मध्येच दाखवलं गेलंय. कानशिलाकडच्या चॅनेलवर जास्त असेल तर जबड्याचे स्नायू. ५० हर्ट्झला टोकदार सुळका असेल तर भिंतीतली वीज.

कपलिंग काढायचंच असेल तर ४० हर्ट्झभोवती ३८–४२ असा अरुंद फिल्टर लावू नका. ६ हर्ट्झचा थीटा त्या गॅमाला हलवत असेल तर ती माहिती ३४ आणि ४६ हर्ट्झला असते. फिल्टरने तीच कापली जाते, मग कपलिंग 'नाही' असं दिसतं. किमान ३२–४८ ठेवा. फेज एका ट्रायलची, अँप्लिट्यूड दुसरीची अशी अदलाबदल निदान २०० वेळा करून खऱ्या कपलिंगशी तुलना करा.

ईईजी_नवखा
पण लिस्मन-इडियार्ट मॉडेलप्रमाणे (थीटाच्या एका आवर्तनात गॅमाची अनेक, प्रत्येकात एक अक्षर) थीटाची पॉवर वाढायला हवी ना?

तरंगलांबी
नाही. १९९५ चं ते मॉडेल आवर्तनाच्या लांबीबद्दल आहे. ६ हर्ट्झचं एक आवर्तन १६७ मिलिसेकंदांचं, ४० हर्ट्झचं २५ चं. म्हणजे एकात अक्षरांसाठी सहा-सात खण, आणि थीटा मंदावला तर खण वाढतात. २०१८ मध्ये पॅरायटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या) भागावर ४ हर्ट्झचा प्रवाह देऊन क्षमता वाढल्याचं आणि ७ हर्ट्झने घटल्याचं दिसलं, ते याच्याशी जुळतं. तेव्हा पॉवरसोबत शिखराची वारंवारताही मोजा.