ब्रेक ऑइल वारंवार कमी होत आहे : मास्टर सिलिंडर की मागचे व्हील सिलिंडर?

नमस्कार. मी कन्नडला राहतो. माझ्याकडे २००५ सालची छोटी पेट्रोल गाडी असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. गेल्या महिनाभरात ब्रेक ऑइल दोनदा वरच्या खुणेपर्यंत भरले आणि दोन्ही वेळा ते खालच्या खुणेच्याही खाली गेले. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे मला ठाऊक आहे. परंतु पॅड दिवाळीतच बदललेले असल्यामुळे एवढी घट झिजेची नक्कीच नाही.

परवा रात्री चारही चाकांखाली पुठ्ठे अंथरले. सकाळी मागच्या डाव्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला डाग होता, टायरची आतली बाजू धुळीने माखून काळी चिकट झाली होती आणि तो चिकटा साध्या पाण्याने निघाला. ग्रीस असे निघत नाही, म्हणून ते त्या चाकाच्या व्हील सिलिंडरमधून (ऑइलच्या दाबाने ड्रममधले ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळलेले ब्रेक ऑइलच असावे. मात्र मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) जिथे जोडलेला आहे, त्याच्या बरोबर खाली बूस्टरचा रंगही फुगून पापुद्रे सुटले आहेत. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे तिथूनही पाझर असल्याची शंका येते. शिवाय पेडल पहिल्यांदा खोल जाते, दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होते आणि पाय तसाच दाबून ठेवला तर हळूहळू खाली बसते.

येथील फिटर म्हणतात, "ऑइल टाकत राहा, गावात चालवायला काही होत नाही." मला हे पटत नाही. आईला दर पंधरा दिवसांनी कन्नड घाट उतरून चाळीसगावला न्यावे लागते. म्हणून गाडी सध्या उभीच ठेवली असून आईला एस. टी. ने नेतो. त्या वयात तिला तो प्रवास सोसत नाही, म्हणून काम लवकर, पण नीट व्हावे अशी इच्छा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे की दोन्ही सिलिंडर एकाच वेळी बदलावेत काय, आणि आतून खड्डे पडलेल्या जुन्या सिलिंडरला नुसते वॉशर किट टाकून भागते काय. ऑइलने भिजलेले लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू असे फिटर म्हणतात, ते मान्य करावे काय? ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ (ऑइलचा दर्जा) लिहिले आहे, दुकानदाराने डॉट ४ दिले. दोन्ही एकमेकांत चालतात हे वाचले आहे, तरी पाइपांतली हवा (एअर) काढताना सगळेच ऑइल नवे भरून घेणार आहे. दोराने टोचन करून नेल्यास मागच्या गाडीचेही ब्रेक चांगले असावे लागतात, त्यामुळे फिटरलाच घरी बोलवावे की गाडी उचलून न्यावी?