अनुभव धागा: मुलगे, मुली आणि समानुभूती. मोजताना काय हाती लागतं?

धागाकर्ती: समानुभूती, म्हणजे दुसऱ्याला काय वाटतंय ते जाणणं आणि त्याची काळजी वाटणं. "मुली मुळातच मायाळू" हे सगळ्यांना पाठ आहे, ते इथे नको. निरीक्षण, चाचण्या, समुपदेशन करणाऱ्यांनी कामातलं सांगावं: काय मोजता, कसं, आणि कुठे फसतं.

लहानग्यांची निरीक्षक: दीड-दोन वर्षांच्या मुलांसमोर इजा झाल्याचं सोंग करतात. मोठ्या माणसाने क्लिपबोर्डात बोट चिमटल्यासारखं करायचं, साधारण अर्धा मिनिट कळवळायचं, मग तेवढ्याच वेळात हळूहळू सावरायचं. मुलाला हाक मारायची नाही. आईनेही "बघ, मावशीला लागलं" म्हणायचं नाही, नाहीतर मोजमाप आज्ञाधारकपणाचं होतं.

नोंदीला चार रकाने: चेहऱ्यावरची काळजी, काय झालं याचा शोध (नजर बोटाकडे, मग क्लिपबोर्डकडे), मदत (फुंकर, खेळणं आणून देणं), आणि स्वतःच घाबरून रडणं. चौथा रकाना बाकीच्यांत मिळवायचा नाही. सोंग भडक झालं की तिथेच गर्दी होते. या वयात मुलींची काळजी सरासरीने थोडी जास्त दिसते, पण तफावत बारीक. खरी अडचण नोंद करणाऱ्याची: क्लिपबोर्ड उलटसुलट करून बघणारा मुलगा "खेळायला लागला" म्हणून सुटतो, वास्तविक तो दुसऱ्या रकान्यात जायला हवा. म्हणून व्हिडिओवरून दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता गुण द्यावेत.

मानसमापनवाला: प्रश्नावलीत तफावत फुगते. आयझेनबर्ग आणि लेनन या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्येच दाखवलं, की स्वतःबद्दल विचारलं तर स्त्री-पुरुष फरक मोठा येतो. नकळत निरीक्षण केलं किंवा शरीराच्या प्रतिक्रिया मोजल्या तर तो जवळजवळ उरत नाही. डेव्हिस यांच्या समानुभूतीच्या प्रश्नावलीत 28 विधानं, 7-7 चे चार गट, प्रत्येक गट वेगळी गोष्ट मोजतो. चारही गटांची सरसकट बेरीज करणारे अजून भेटतात! "दुसऱ्याच्या संकटात मी गडबडून जातो" छापाची विधानं काळजी मोजणाऱ्या विधानांत मिसळली, की आकडा कशाचाच राहत नाही.

तिरकस प्रतिसाद: आणि चाचणीचं नावही लपवा. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या प्रयोगांत स्त्रिया पुढे दिसतात त्या मुख्यतः "तुमची समानुभूती तपासतोय" हे कळलेलं असतं तेव्हा. क्लाइन आणि हॉजेस या संशोधकांनी 2001 मध्ये अचूक उत्तराला पैसे देऊ केले, तर पुरुषांनी फरक भरून काढला. म्हणजे कुवत होती, गरज वाटत नव्हती.

किशोरवयीनांची समुपदेशक: डच मुला-मुलींना 13 ते 18 या वयात वर्षानुवर्षं तपासणाऱ्या अभ्यासात (2014) मुलग्यांची काळजी मधल्या वर्षांत उतरली आणि पुढे सावरली. तेव्हा पंधराव्या वर्षी एकदाच मोजून "हा असाच" असा शेरा मारू नये. दरवर्षी तीच चाचणी, त्याच क्रमाने घ्यावी. गटात "तुला काय वाटतं?" विचारलं की मुलगे खांदे उडवतात. "त्याच्या जागी कोण काय करेल?" विचारलं तर बोलतात.

पालकांसोबत काम करणारी: घरातल्या गप्पाही ऐका. तीच मुलं पुन्हा तपासणाऱ्या एका अभ्यासात 40 महिन्यांच्या मुलग्या-मुलींच्या बोलण्यात भावनांचे शब्द सारखेच होते, 70 व्या महिन्यात मुली पुढे गेल्या. पालक मात्र आधीपासूनच मुलींशी भावनांबद्दल, विशेषतः दुःखाबद्दल, जास्त बोलत होते. यावरून कारण पक्कं होत नाही. मी पालकांना सांगते, मुलांचं कुणाशी भांडण झालं की मुलगा असो वा मुलगी, तेच तीन प्रश्न विचारा: काय झालं, त्याला कसं वाटलं असेल, आता काय करता येईल? मुलग्याच्या वेळी मधला प्रश्न हमखास गळतो.