शब्दचर्चा : रिझोल्युशन, रेशो आणि पिक्सेलचा आकार, मराठीत नेमकं काय म्हणायचं?

धागा

आमच्या नाट्यमंडळाकडे जुन्या बेटाकॅम आणि मिनी डीव्ही टेप्स आहेत, एकांकिका, दोन संगीत नाटकं, काही मैफिली. ते सगळं आता ऑनलाइन चॅनलवर टाकायचं चाललंय म्हणजे लोकांना घरच्या टीव्हीवर बघता येईल. टेप्स डिजिटल करून देणारा मुलगा विचारतोय रिझोल्युशन काय ठेवू, रेशो काय, पिक्सेल चौकोनी करू का. मला मंडळातल्या सगळ्यांसाठी साध्या मराठीत सूचना लिहून काढायच्यात. शोधलं तर रिझोल्युशनला एका ठिकाणी 'विभेदन' सापडलं आणि एका यांत्रिक भाषांतरात चक्क 'ठराव'. पिक्सेल आस्पेक्ट रेशोला तर काहीच मिळालं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मी एन्कोडिंगचंच, म्हणजे व्हिडिओ दाबून त्याची फाइल तयार करायचं, काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण बोलताना तिन्हींना रिझोल्युशन नाहीतर रेशो म्हणून मोकळे होतो, घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट, फाइलमध्ये आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत. दुसरी, पडद्यावर चित्र शेवटी कुठल्या आकाराचं दिसायला हवं. तिसरी, एकेक पिक्सेल रुंदीला आणि उंचीला सारखा आहे का. पहिल्या दोन कुणालाही कळतात, तिसरीचं नाव काढलं की लोक म्हणतात पिक्सेल तो पिक्सेल, त्याला कसला आलाय आकार.

पण तुमच्या टेप्सचा सगळा प्रश्न तिसऱ्या गोष्टीचाच आहे. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ ओळींचा, त्यातल्या ५७६ ओळींत चित्र. ओळी मोजलेल्या होत्या पण एका ओळीत आडवे पिक्सेल किती हा प्रश्नच नव्हता, ओळ म्हणजे सलग सिग्नल. डिजिटल करायची वेळ आली तेव्हा ओळीचे तुकडे किती करायचे ते ठरवावं लागलं, आणि १९८२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, जिला आता बीटी ६०१ म्हणतात, सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घ्यायचं ठरलं. हा आकडा आपल्या ६२५ ओळींच्या पद्धतीला चालत होता आणि अमेरिका-जपानच्या ५२५ ओळींच्या पद्धतीलाही, दोन्हीकडे ओळीत ७२० पिक्सेल बसत होते. पिक्सेल दोन्ही बाजूंनी सारखा यावा हा विचार त्यात नव्हताच, आणि त्या काळी तशी गरजही नव्हती.

आता ७२० ला ५७६ ने भागून बघा, १.२५ येतं. हे ४:३ पण नाही आणि १६:९ तर नाहीच नाही. तरी दोन्ही प्रकारची चित्रं ७२०×५७६ मध्येच साठवलेली असतात, कारण ४:३ मध्ये एकेक पिक्सेल थोडा रुंद धरायचा, १२:११, आणि १६:९ मध्ये बराच रुंद, १६:११. फाइलच्या आत फक्त एक खूण असते की या दोनांपैकी कुठला. ती खूण हरवली किंवा प्लेअरने वाचलीच नाही की नटाच्या कपाळावरचा गोल टिळा लांबट होतो नाहीतर चपटा. जुनी रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन बघताना सगळे चेहरे फुगलेले दिसतात ना, ते बहुतेक वेळा ४:३ चं चित्र ओढून १६:९ मध्ये भरलेलं असतं, रुंदीला सरळ एक तृतीयांश जास्त. ज्यांनी त्या काळात मेहनतीने काम केलं त्यांचा चेहरा तरी जसा होता तसा दिसावा, मला हे फार मनापासून वाटतं.

म्हणून सूचनांमध्ये तीन वेगळे शब्द वापरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पहिल्या गोष्टीला चौकटीचं माप किंवा नुसतं फ्रेमचं माप. 'साइज' लिहू नका, मुलगा एमबी-जीबी समजेल. दुसरीला चित्राचं गुणोत्तर, हा शब्द शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे आणि १६:९ ला सोळास नऊ वाचायची पद्धतही आहेच. तिसरीला पिक्सेलचं गुणोत्तर. संबंधही एका ओळीत सांगता येतो, मापाची रुंदी भागिले उंची, गुणिले पिक्सेलचं गुणोत्तर, की चित्राचं गुणोत्तर मिळतं.

आणि रिझोल्युशनला 'विभेदन' वाईट नाही, पण तो शब्द भिंगाच्या, दुर्बिणीच्या संदर्भात शोभतो, दोन जवळचे ठिपके वेगळे दिसतात का त्यासाठी. तुमच्या टेपची फाइल कुणी १९२०×१०८० करून दिली तर माप वाढेल, विभेदन तेवढंच राहील, टेपवर जे नव्हतंच ते कुठून येणार. त्यामुळे फाइलच्या मापाला विभेदन म्हणणं चुकीचंच ठरेल. बोलताना रिझोल्युशन म्हणा, काही बिघडत नाही, लिहिताना आकडे लिहा.

प्रतिसाद

माहितीपूर्ण. पण 'चौकोनी पिक्सेल' हा शब्द तर एडिटिंगवाले सर्रास वापरतात, तो का नाही घेतलात?

प्रतिसाद

मुद्दामच नाही घेतला, त्यावर वेगळं लिहिणारच होतो. चौकोन म्हणजे चार कोन असलेली कुठलीही आकृती, आयत पण चौकोनच. १६:११ वाला पिक्सेलसुद्धा चौकोनी आहे! स्क्वेअरला आपला शब्द चौरस, आणि दुसऱ्याला आयताकृती. कॅरमच्या बोर्डाला चौकोनी म्हटलं तर काही अडत नाही पण इथे "पिक्सेल चौकोनी ठेव" सांगितलं की समोरचा म्हणेल आहेच की. 'चौरस पिक्सेल' लिहा. वाचणारा एखादा चौरस फुटासारखं क्षेत्रफळ समजेल अशी शंका येऊ शकते, तर पहिल्यांदा लिहाल तिथे 'रुंदी-उंची सारखी असलेला' एवढं जोडून टाका.

प्रतिसाद

सहमत, चौरसच बरोबर. माझा एक उपप्रश्न, प्रोग्रॅममध्ये एसएआर, पीएआर, डीएआर असं दिसतं, ते काय?

प्रतिसाद

डीएआर म्हणजे चित्राचं गुणोत्तर, त्यात वाद नाही. पीएआर म्हणजे पिक्सेलचं. एसएआर मात्र सांभाळून, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) च्या व्याख्येत आणि एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मध्ये त्यातला एस 'सॅम्पल'चा, म्हणजे तेही पिक्सेलचंच गुणोत्तर, पण काही पुस्तकांत आणि लेखांत तोच एस 'स्टोरेज'चा असतो आणि मग अर्थ होतो मापाची रुंदी भागिले उंची. एकाच अक्षरत्रयीचे दोन अर्थ, तेही एकाच विषयात. लेख वाचून एफएफएमपेग वापरणारे लोक इथे हमखास अडकतात, म्हणून तुमच्या कागदावर आद्याक्षरं आणूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

धागाकर्ता

खूप खूप आभार! आता नेमकं माप काय सांगू त्या मुलाला? आमच्या बहुतेक टेप्स ४:३ आहेत, शेवटच्या काही वर्षांतल्या १६:९. आणि ऑनलाइनसाठी एकच फाइल पुरते का चार-पाच लागतात?

प्रतिसाद

मूळ कॅप्चर, म्हणजे टेपवरून उतरवलेली पहिली फाइल, ७२०×५७६ इंटरलेस (सम आणि विषम ओळी आळीपाळीने घेतलेलं) जसंच्या तसं जपून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. ऑनलाइनसाठीची प्रत वेगळी, आणि ती चौरस पिक्सेलची, कारण आयताकृती पिक्सेलची खूण सगळे ब्राउझर, टीव्हीतली सगळी ॲप्स सारखी पाळतील याचा भरवसा नाही. चौरस असेल तर चुकायला जागाच राहत नाही.

क्रम असा. आधी इंटरलेस काढायचं आणि मगच माप बदलायचं, उलटं केलं तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि हालचालीच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा कायमच्या राहतात. पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड (नुसत्या सम किंवा नुसत्या विषम ओळींची अर्धी चित्रं) असतात तर जमलं तर ५० फ्रेम्सच ठेवा, नृत्याला, तबल्याच्या बोटांना फार फरक पडतो. मग डावीउजवीकडून ८-८ पिक्सेल कापायचे, खरं चित्र ७०२ च्या आसपासच असतं, बाकी किनार. उरले ७०४. आता ७०४ गुणिले १२ भागिले ११ करा, बरोबर ७६८. आणि १६ ने गुणून ११ ने भागलं की बरोबर १०२४. म्हणजे ४:३ टेपला ७६८×५७६ आणि १६:९ टेपला १०२४×५७६, अपूर्णांक नाही, काही नाही. काहीजण ७२० पूर्ण रुंदीच ४:३ धरतात, मग साधारण सव्वादोन टक्क्यांचा फरक पडतो, तो डोळ्याला खटकत नाही पण दोन्ही रीती एकाच चॅनलवर मिसळू नका.

एक फाइल की अनेक, तर ते चॅनलवर अवलंबून आहे. मोठे व्हिडिओ प्लॅटफॉर्म एक फाइल घेऊन लहान-मोठ्या आवृत्त्या स्वतः करतात. स्वतःचं ॲप किंवा वेबसाइट असेल तर एचएलएस नाहीतर डॅश (नेटच्या वेगाप्रमाणे आवृत्ती बदलत व्हिडिओ दाखवायच्या पद्धती) साठी तुम्हालाच पायऱ्या, म्हणजे लहान-मोठ्या मापाच्या आवृत्त्या, कराव्या लागतात, नेट मंदावलं की प्लेअर खालच्या पायरीवर उतरतो. इथे नियम एकच पण कडक, सगळ्या पायऱ्यांचं चित्राचं गुणोत्तर तंतोतंत एक. १६:९ साठी ५१२×२८८, ७६८×४३२, १०२४×५७६ घ्या, हे तिन्ही १६ ने भाग जाणारे आहेत आणि एच.२६४ चित्राचे जे ठोकळे पाडतं ते १६×१६ चेच असतात त्यामुळे कडेला काही वाया जात नाही. १०८० ला १६ ने भाग जात नाही म्हणून एन्कोडर आतून १०८८ ओळी करतो आणि खालच्या ८ कापायची सूचना सोबत देतो.

सगळ्यात फसवं माप ८५४×४८०. ४८० ला सोळास नऊने रुंदी काढली तर ८५३.३३ येते, ८५३ विषम म्हणून नेहमीच्या रंगसाठवणीत चालत नाही, म्हणून ८५४. आता एफएफएमपेगने मोठी १६:९ फाइल या मापात आणून तपासा, पिक्सेलचं गुणोत्तर १२८०:१२८१ दिसेल. डोळ्याला शून्य फरक, पण पिक्सेल चौरस राहिला नाही, आणि एखाद्या प्लेअरमध्ये पायरी बदलताना चित्र किंचित हलल्यासारखं होऊ शकतं. त्याऐवजी ७६८×४३२ घ्या, गुणोत्तर तंतोतंत.

प्रतिसाद

यात १०८०पी, ४के हे शब्द कुठे बसतात? घरच्या टीव्हीवर तर तेच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद

७२०पी, १०८०पी मध्ये आकडा उंचीचा, पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सगळ्या ओळी एकदम. ४के मध्ये आकडा रुंदीचा, तोही ढोबळ, टीव्हीचं ४के ३८४०×२१६० आणि सिनेमागृहाचं ४०९६ रुंद. लोकांना वाटतं १०८० वरून ४००० म्हणजे जवळजवळ चौपट उंची, खरं तर उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, पिक्सेल चौपट. बाजारातली नावं आहेत, बोलायला ठीक, सूचनापत्रकात दोन्ही आकडे लिहा.

आणि दोन आकडेही कधी पुरत नाहीत. १४४०×१०८० घ्या. पिक्सेल चौरस असेल तर हे ४:३ चं चित्र, आणि एचडीव्ही (मिनी डीव्ही टेपवर एचडी साठवणाऱ्या) कॅमेऱ्याची फाइल असेल तर पिक्सेल ४:३, चित्र १६:९. माप तेच, चित्रं दोन. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावापुढे तिन्ही गोष्टी लिहा, ७६८×५७६, चित्र ४:३, पिक्सेल चौरस.

धागाकर्ता

वा, हे तर लगेच करते. शेवटचं एक, ४:३ नाटकाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घालून १६:९ करून द्यायचं का? मंडळात काहींना पडदा भरलेला हवाय.

प्रतिसाद

नाही, पट्ट्या फाइलमध्ये पक्क्या करू नका. ७६८×५७६ तसंच द्या, रुंद टीव्हीवर प्लेअर बाजूला काळं सोडतो. पट्ट्या आत घातल्या आणि कुणी मोबाइल उभा धरला की चारी बाजूंनी काळं आणि मधे चिमुकलं नाटक. आणि पडदा भरायचा म्हणून वरखाली कापायचं म्हणाल तर एक चतुर्थांश उंची जाते. रंगमंचाच्या चित्रात वर झालर आणि खाली नटांचे पाय असतात, संगीत नाटकात पायपेटीवरची बोटं सुद्धा खालच्याच भागात. एखादं नाटक निवडून कापलेलं आणि न कापलेलं दोन्ही मंडळाला शेजारी शेजारी दाखवा, मला वाटत नाही मग कुणी आग्रह धरेल.