लेपर्ड गेको: सगळे एका टाकीत की प्रत्येकाची टाकी वेगळी?

चारपायी (धागाकर्ता)
लेपर्ड गेको (घरात पाळतात ती ठिपकेदार पाल) एकत्र ठेवायचा विषय निघाला की "एक गेको, एक टाकी" म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. माझ्याकडे तीन वर्षांच्या दोन माद्या आहेत (६४ आणि ५८ ग्रॅम) आणि साधारण पाच महिन्यांचं एक पिल्लू, नर की मादी ते अजून कळलेलं नाही. टाकी काचेची, चार फुटी. गरम बाजूला दोन लपण्याच्या जागा, थंड बाजूला दोन, शिवाय कात टाकायला ओलसर डबा. दोन महिन्यांत एक चावा नाही. दिवसभर तिघं एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. दोन नर एकत्र नकोत हे मान्य, ते रक्त काढतात. पण बाकीच्यांना एकटं कोंडून काय मिळवायचं?

कातवाला
गडबड त्या "अंगावर पडून झोपतात" मध्येच आहे. गेकोला पोटाखाली ऊब लागते, त्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. तुमच्या टाकीत ३२ अंशांच्या आसपासची जागा हातभरच असणार. तिघं तिथं ऊब मिळावी म्हणून दाटी करतात, त्याला माया कसली म्हणता?

ओलाडबा
धागाकर्त्याशी सहमत. रानातसुद्धा एकाच दगडाखाली दोन-चार सापडतात. मी कित्येक वर्षं चार माद्या एकत्र ठेवल्या. फक्त वजन सारखं असावं आणि खाणं चिमट्याने ज्याचं त्याला द्यावं.

कातवाला
रानातल्या दगडाखालून हरणारा उठून जाऊ शकतो, काचेत कुठे जाईल? आणि "वजन सारखं असावं" ही अट तुम्हीच घातलीत. धागाकर्त्याची थोरली पाच महिन्यांच्या पिल्लाच्या दुपटीहून जड असणार.

भिंगधारी
वजनापेक्षाही मला लिंगाचा प्रश्न मोठा वाटतो. पिल्लाला पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि खालून फोटो काढा. मागच्या पायांच्या मध्ये इंग्रजी व्ही उलटा काढावा तशी ठिपक्यांची ओळ दिसेल. ठिपके ठसठशीत असतील, त्यांत मेणासारखं काही भरलेलं असेल आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे असतील, तर नर. मादीतही ओळ असते पण पुसट. पाच महिन्यांत बहुधा कळतंच. नर निघाला तर "अजून लहान आहे" म्हणत थांबू नका, ते लवकर वयात येतात. एका घरी मादीसमोर शेपटीचं टोक खुळखुळ्यासारखं थरथरायला लागलं, तेव्हा कुठे मालकाला कळलं की आपली "मुलगी" मुलगा आहे.

ओलाडबा
नर-मादी एकत्र ठेवलेही जातात की. पैदास करणारे सगळे ठेवतात.

भिंगधारी
हंगामापुरते ठेवतात, मग नर उचलतात. नाहीतर तो मादीची मान चावून चावून तिला दमवतो. मादी एका वेळी दोन अंडी घालते, पण हंगामात अशा खेपा बऱ्याच होतात आणि प्रत्येक खेपेला तिच्या अंगचं कॅल्शियम जातं. कमी वजनाच्या तरुण मादीत अंडं अडकलं तर जिवावर बेततं. शिवाय नर काढला तरी सुटका नाही. मादी वीर्य साठवून ठेवते, पुढेही अंडी घालत राहते.

अवांतर: "माद्या भांडत नाहीत" यावरही फार विसंबू नका. या प्राण्यात लिंग अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरतं. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ ला बहुतेक नर, ३४-३५ ला पुन्हा बहुतेक माद्या. या शेवटच्या माद्या नरासारख्या अंगावर येतात. आपली मादी किती अंशांवर उबवली होती, हे विकत घेताना किती जण विचारतात?

नवशिकी
माझा अनुभव सांगते. दोन बहिणी, एकाच खेपेच्या, आठ महिने गुण्यागोविंदाने राहिल्या. एका सकाळी धाकटीची शेपटी टाकीच्या कोपऱ्यात पडलेली. शेपटी पुन्हा आली, पण गुळगुळीत, मुळ्यासारखी. पहिलीवर होते तसे वळे नाहीत. साठवलेली सगळी चरबी शेपटीबरोबर गेली, ती भरून यायला फार दिवस लागले. भांडण मी एकदाही पाहिलं नव्हतं.

कातवाला
+१. आणि एक विसरलं जातंय. पिल्लू दुसरीकडून आणलं असेल तर तीन महिने वेगळं ठेवलं होतं का? क्रिप्टो (आतड्यातला परजीवी) झालेल्या गेकोची शेपटी काडीसारखी होते, आणि हा परजीवी साध्या ब्लीचने मरत नाही. विष्ठा कोणाची हेच कळलं नाही तर तपासायला काय नेणार?

चारपायी
वेगळं ठेवलं नव्हतं, चूक मान्य. कातवाल्यांच्या बोलण्याने डोक्यात किडा शिरला म्हणून दोन गोष्टी केल्या. रात्री टाकीसमोर मोबाइल लावून ठेवला. थोरली अळ्यांच्या वाटीशी नुसती उभी होती, खातही नव्हती. पिल्लू दोनदा बाहेर आलं, तिला पाहून अंग जमिनीला चिकटवलं आणि मागे फिरलं. मग काट्यावर ठेवलं: २३ ग्रॅम. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद २४. वाढत्या वयात हे व्हायला नको होतं.

पिल्लाला आजच वेगळ्या टाकीत हलवलं. डब्याखालून फोटोही काढला, ठिपके पुसट आहेत. विष्ठेचा नमुना डॉक्टरांकडे देतोय, मोठ्यांचाही. दोन माद्यांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, त्या एकत्रच राहतील.

नवशिकी
राहू द्या, पण दर आठवड्याला दोघींचं वजन लिहून ठेवा. आणि तिसरी टाकी आत्ताच घेऊन ठेवा. माझ्याकडे त्या सकाळी नव्हती, धाकटीला दोन दिवस कपड्यांच्या प्लास्टिकच्या खोक्यात काढावे लागले.