मदत हवी आहे: भारतीय गाड्यांच्या नव्या डायकास्ट मालिकेसाठी पाच नावे, शुक्रवारपर्यंत

काळीपिवळी६४:
नमस्कार. एक नवा उत्पादक आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांची छोटी डायकास्ट मालिका, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या प्रतिकृती, काढतो आहे, आणि पहिल्या वर्षी कोणत्या पाच गाड्या घ्याव्यात हे त्याने आमच्या संग्राहकांच्या गटाला विचारले आहे. गटात आम्ही अकरा जण आहोत आणि आतापर्यंत तेवीस नावे जमली आहेत, त्यामुळे अंतिम यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. यादी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या दोन नावांबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेली तीन सुचवावीत. कृपया गाड्यांचा इतिहास लिहू नये, तो आम्हाला ठाऊक आहे. नाव आणि एका वाक्यात कारण एवढेच पुरेसे आहे.

जस्तफूल:
गाड्या १:६४ प्रमाणात (म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या) आहेत, १:४३ की १:७६? वरचा सांगाडा आणि खालची बेसप्लेट दोन्ही धातूची आहेत का? किंमत दीड-दोनशे रुपयांच्या आसपास असेल की हजाराच्या वर? आणि पाच गाड्या म्हणजे पाच वेगळे साचे, की एकाच साच्यातून काढलेले रंगही त्यात मोजायचे? एवढे न सांगता नावे मागणे म्हणजे पंगतीला किती पाने आहेत हे न सांगता आचाऱ्याकडून किराण्याची यादी मागण्यासारखे आहे.

काँटेसाप्रेमी:
कारण एका वाक्यात मागितले आहे, म्हणून एकाच वाक्यात लिहितो. हिंदुस्थान काँटेसा ही १९८४ साली आपल्याकडे आली तेव्हा लांब बॉनेट, चार गोल दिवे आणि ऐसपैस मागची सीट यांमुळे रस्त्यावर तिच्यासारखी दुसरी गाडी दिसत नव्हती, तिचे मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरमध्ये असले तरी आपण तिला कधी परकी मानले नाही, आणि जिला रुंद चाके व उतरवलेले सस्पेन्शन शोभून दिसेल अशी त्या काळातली भारतीय गाडी शोधायला गेल्यास हीच एक सापडते. उरलेल्या चार जागांवर कोणतीही नावे घातलीत तरी माझी हरकत नाही.

काळीपिवळी६४:
प्रमाण अर्थातच १:६४ आहे. या विभागात आपण दुसरे काही बोलतो का? सांगाडा आणि बेसप्लेट दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूची असतील. किंमत अजून ठरलेली नाही. साचे पाच आहेत. आता कृपया नावे द्यावीत.

साचेकार:
मी तीस वर्षे प्रेशर डायकास्टिंगच्या साच्यांचे आरेखन केले. खेळण्यांचे नाही, कार्ब्युरेटरच्या भागांचे, पण धातू तोच आणि अडचणीही त्याच. धाग्यात विचारलेला प्रश्न मला थोडा चुकलेला वाटतो. उत्पादक पाच गाड्या विकत घेणार नसून पाच साच्यांत पैसे घालणार आहे. साच्याचे पोलाद, त्याचे कोरीवकाम आणि चाचणी हा खर्च एकदाच होतो, पण तो मोठा असतो आणि तो भरून निघायचा तर एकाच साच्यातून पाच-सहा वेगळी रूपे काढता आली पाहिजेत. त्यामुळे कोणती गाडी आवडते यापेक्षा कोणती गाडी किती वेशांत शोभते, हा निकष लावावा. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी होते, घरची फिकट निळी गाडी होते, रॅलीसाठी क्रमांक रंगवलेली गाडीही होते. ॲम्बेसेडर ही कोलकात्याची पिवळी टॅक्सी, लाल दिव्याची पांढरी सरकारी गाडी आणि पोलिसांची गाडी अशी तिन्ही रूपे घेते. काँटेसाला तेवढे वेश आहेत का, याचा विचार काँटेसाप्रेमींनी करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दरवाजे उघडणारे नकोत, असे उत्पादकाला आधीच कळवावे. या आकारात दरवाजा आणि सांगाडा यांच्यात ०.२ मिलीमीटरची फट राहिली, तरी मूळ गाडीच्या हिशेबाने ती जवळपास १३ मिलीमीटर होते. एवढी फट असलेल्या गाडीत पावसाळ्यात कोण बसेल?

काँटेसाप्रेमी:
काँटेसाला वेश नाहीत हे विधान मला मान्य नाही. काळी, मरून, चंदेरी, आणि पडदे लावलेली साहेबांची गाडी, ही चार रूपे तर मी बसल्या जागी मोजली.

साचेकार:
ते चार रंग आहेत. टॅक्सीचा पट्टा, छपरावरचा कॅरियर आणि पाटी आली की रूप बदलते.

पार्ल्याची_ताई:
माझ्याकडे गाड्या कपाटात नसतात, फरशीवर असतात, कारण माझा मुलगा सात वर्षांचा आहे. म्हणून विचारते की या गाड्या नीट चालणार आहेत का? महागड्या १:६४ गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे आरसे पहिल्याच दिवशी तुटतात आणि रबराची चाके फिरण्याऐवजी घसरतात. मुलांना पद्मिनी म्हणजे काय हे ठाऊक नाही. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा माझा मुलगा जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. तरीही दादरच्या दुकानात प्लॅस्टिकची काळी-पिवळी टॅक्सी दिसली की तो तिथेच थांबतो. माझे मत रिक्षाला आहे. पाचात एक तीन चाकांची असू द्या.

काळीपिवळी६४:
ताई, रिक्षा हे नाव तेविसांत नव्हते आणि ते चांगले आहे, पण १:६४ मध्ये ती जेमतेम चार सेंटीमीटरची होईल. तेवढ्यासाठी लोक पूर्ण किंमत देतील का, याची मला शंका वाटते.

साचेकार:
रिक्षाचे हूड कापडी असते, त्यामुळे ते प्लॅस्टिकचे करावे लागेल आणि धातूचा भाग फारच थोडा उरेल. पण वेश बदलण्याच्या निकषावर ती सर्वांच्या पुढे आहे, हे कबूल केले पाहिजे, कारण गावागणिक तिचा रंग बदलतो.

आठशे_एकोणीसशे_त्र्याऐंशी:
मारुती ८०० चे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरातली पहिली चारचाकी तीच होती. मात्र यादीत नुसते "मारुती ८००" असे लिहू नये. सुरुवातीची गाडी आणि १९८६ साली आलेली गाडी यांचे सांगाडे वेगळे आहेत; पहिली अधिक चौकोनी आणि दुसरी कडांना गोलावलेली. नुसते नाव पाठवलेत तर उत्पादक इंटरनेटवर सर्वांत जास्त छायाचित्रे मिळतील ती गाडी घेईल, म्हणजे नंतरची. मला पहिली हवी आहे.

जस्तफूल:
नंतरच्या मारुती ८०० ची लांबी ३.३३५ मीटर होती, म्हणजे या प्रमाणात ५२ मिलीमीटर. काँटेसा साधारण ७२ मिलीमीटरची होईल. एकाच आकाराच्या ब्लिस्टरमध्ये, म्हणजे कार्डावरच्या प्लॅस्टिकच्या डबीत, दोन्ही बसवायच्या म्हणून काही उत्पादक छोटी गाडी फुगवतात आणि मोठी आक्रसतात. हॉट व्हील्सच्या नेहमीच्या गाड्यांतही हे चालते. तसे झाले तर पद्मिनीशेजारी ठेवलेली मारुती तिच्याएवढीच दिसेल. काळीपिवळी, माझी एक विनंती आहे. यादीत नावांच्या वर एकच वाक्य लिहावे, की प्रमाण खरे असावे, डबीत बसण्यापुरते नसावे. माझ्या लेखी कोणत्याही नावापेक्षा ही अपेक्षा मोठी आहे.

न्यूजर्सीचे_काका:
माझे मत १:४३ ला आहे. वयाच्या साठीनंतर १:६४ च्या गाडीची पाटी वाचण्यासाठी भिंग लागते, आणि कपाटात सहा फुटांवरून सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. येथे तीस वर्षांपूर्वी मी

काळीपिवळी६४:
काका, प्रमाण ठरलेले आहे.

न्यूजर्सीचे_काका:
वाक्य पूर्ण होण्याआधीच पाठवले गेले, त्याबद्दल क्षमस्व. प्रमाण ठरलेले आहे हे वाचले, तरीही माझे मत नोंदवावे.

जुना_डबा:
थोडा वेगळा प्रश्न विचारतो. माझ्याकडे लहानपणच्या लिओ मॅटेलच्या, म्हणजे भारतात बनलेल्या हॉट व्हील्सच्या काही गाड्या आहेत. त्यांच्याबरोबर डब्यात असलेल्या एका अनोळखी गाडीच्या धातूवर फोड आले असून तिचा कोपरा बिस्किटासारखा सुटला आहे. हा गंज बाकीच्यांना लागेल का? आणि त्यांचे मूल्य किती असावे?

जस्तफूल:
तो गंज नाही आणि संसर्गही नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडे मिसळले गेले, तरी धातूच्या कणांच्या सीमेवरून तो आतून पोखरला जातो. दमट हवेत हे लवकर घडते आणि त्यावर उपाय नाही. ती गाडी वेगळी ठेवली तरी चालेल आणि नाही ठेवली तरी बाकीच्यांचे काही बिघडणार नाही, कारण दोष त्या एका ओतकामात आहे. मूल्याबद्दल दुसरा धागा काढावा. परंतु यावरून या धाग्यापुरते एक लक्षात आले: उत्पादक जुने भंगार वितळवून वापरणार आहे की शुद्ध जस्तापासून बनवलेला मिश्रधातू विकत घेणार आहे, हे काळीपिवळी यांनी अवश्य विचारावे. आज घेतलेली पद्मिनी वीस वर्षांनी भुगा होऊ नये.

सिएरा_९१:
टाटा सिएरा, १९९१ ची, बाजूला दोनच दरवाजे असलेली जुनी. मागची मोठी, छपरात वळणारी काच एवढेच कारण पुरेसे आहे. धागाकर्त्यांनी एका वाक्यात सांगायला सांगितले होते, म्हणून येथेच थांबतो.

काळीपिवळी६४:
आभार, सूचनेप्रमाणे लिहिणारे तुम्ही पहिलेच आहात. सिएरा घेतो. काँटेसा आणि मारुती यांपैकी एक किंवा दोन्ही असे ठरवावे लागेल. एक गोष्ट सांगायची राहिली, ती मला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती: उत्पादक छायाचित्रांवरून काम करणार नाही, तो प्रत्यक्ष गाडी मोजणार आहे, आणि ती पुण्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत, मालकाच्या परवानगीने दोन दिवस उभी असायला हवी. गाडी मूळ स्वरूपात असावी, म्हणजे बंपर, ग्रिल आणि चाकांच्या वाट्या बदललेल्या नसाव्यात.

आठशे_एकोणीसशे_त्र्याऐंशी:
हे तुम्ही आता सांगता आहात? मूळ स्वरूपातली, सुरुवातीच्या सांगाड्याची मारुती शुक्रवारपर्यंत पुण्याजवळ शोधायची तर आम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. आज बुधवार आहे.

साचेकार:
ही एकच अट सगळी यादी ठरवते. जी गाडी मोजता येणार नाही ती कितीही आवडती असली तरी तिचा साचा होणार नाही. धागाकर्त्यांना ही गोष्ट किरकोळ वाटली, याचे मला हसू आले. राग मात्र आला नाही. मोजणीचा आग्रह धरणारा उत्पादक असेल तर मालिकेकडून आशा ठेवायला हरकत नाही.

काँटेसाप्रेमी:
पिंपरीत माझ्या मित्राच्या सासऱ्यांची काँटेसा आहे, मरून रंगाची, बंपरसकट मूळ. उद्या सकाळी फोन करतो. वेशांचा मुद्दा आता मागे घेण्यात यावा.

परवाना_बघा:
कोणी विचारले नाही, तरी सांगतो. नुसती मोजणी करून भागत नाही. बेसप्लेटवर नाव छापायचे तर नावाच्या मालकाची परवानगी लागते. ॲम्बेसेडर हे नाव २०१७ साली प्यूजो समूहाने ८० कोटी रुपयांना विकत घेतले, आणि तो समूह २०२१ साली स्टेलँटिसमध्ये विलीन झाला, त्यामुळे बंगालच्या उत्तरपाड्यात बनलेल्या या गाडीसाठी पत्र युरोपच्या दिशेने पाठवावे लागेल. शिवाय चौदा वर्षांखालील मुलांसाठीचे खेळणे म्हणून विकायचे असेल तर जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि पार्ल्याच्या ताईंच्या मुलाला गाडी द्यायची असेल तर हे टाळता येणार नाही.

काळीपिवळी६४:
परवान्याचे काम उत्पादकाचे आहे, आमच्या गटाचे नाही. मला फक्त पाच नावे द्यायची आहेत.

पार्ल्याची_ताई:
पण तो मुद्दा बरोबर आहे. कार्डावर "संग्राहकांसाठी, चौदा वर्षांवरील" असे छापून मोकळे होणारे बरेच आहेत. यादीत एक ओळ मुलांसाठीही लिहावी, एवढेच म्हणते.

काळीपिवळी६४:
लिहितो. आतापर्यंतची यादी अशी आहे: पद्मिनी, ॲम्बेसेडर, सिएरा, पिंपरीहून होकार आला तर काँटेसा, आणि पाचवी जागा मारुती किंवा रिक्षा. यादीच्या वर प्रमाण खरे असण्याची, दरवाजे बंद ठेवण्याची, शुद्ध मिश्रधातूची आणि गाडी फरशीवर चालण्याची, अशा चार अपेक्षा लिहिल्या आहेत. पद्मिनी मोजायला माझ्याच घरी आहे, वडिलांची, १९८६ ची, त्यामुळे त्या नावाबद्दल मला शंका नव्हती.

सिएरा_९१:
माझ्या सिएराचा पुढचा बंपर बदललेला आहे. हे आधी विचारले असते तर सांगितले असते. मूळ बंपर गॅरेजच्या माळ्यावर असावा, शोधून कळवतो.

आठशे_एकोणीसशे_त्र्याऐंशी:
साताऱ्यात एक मारुती सापडली आहे, नोंदणी १९८५ ची, पांढरी. मालकीणबाई शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत, आणि गाडी अंगणाबाहेर न्यायला त्यांची तयारी नाही. मोजणारे साताऱ्याला येतील का, आणि दोन दिवस त्यांच्या अंगणात काम करतील का, एवढे विचारून सांगावे. त्या चहा देतील, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे.

काळीपिवळी६४:
विचारले. ते येतील.

जस्तफूल:
काळीपिवळी, एक राहिलेच. तुमच्या वडिलांच्या पद्मिनीचे ग्रिल मूळ आहे का?

काळीपिवळी६४:
ग्रिल मूळ नाही. १९९३ साली पेट्रोल पंपावर मागून एक टेम्पो आला आणि पुढची गाडी... ते असो. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात कोणाच्या ओळखीचा दुकानदार आहे का? शुक्रवारपर्यंत.