आईचा पाय मुरगळला, बँडेजचा क्लेम नाकारला – मदत हवी आहे (तातडीने)

चिंचवडचा_चिंतू
आईचा पाय मुरगळला होता. हॉस्पिटलात नेलं, स्ट्रॅपिंग केलं, ११,४०० बिल झालं. क्लेम टाकला तर सरळ नाकारला. दरवर्षी पैसे कापून घेतात आणि एका पट्टीचे द्यायचे म्हटलं की यांच्या जिवावर येतं. तक्रार कुठे करायची, ग्राहक मंच की विमा लोकपाल? जरा लवकर सांगा. आणि कृपया कुणी 'पॉलिसी नीट वाचा' म्हणू नका.

हिशेबनीस
बरं, नाही म्हणत. पण पॉलिसी कोणती ते तरी सांगाल? स्वतः घेतलेली, ऑफिसची, की नुसता अपघात विमा? आईंना ऍडमिट केलं होतं का? केलं असेल तर किती तास? नाकारल्याचं पत्र किंवा मेल आला असेल, त्यातलं कारण जसंच्या तसं टाका. त्याशिवाय इथे सगळे हवेत बाण मारतील.

मालूआत्या
मुरगळल्यावर हॉस्पिटलात कशाला न्यायचं म्हणते मी? निरगुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, पायावर पसरायचा, वरून जुन्या धोतराची पट्टी. रात्री आंबेहळदीचा लेप. आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. नुसतं चोळून नीट करतात. अकरा हजार म्हणजे डोकं फिरलंय लोकांचं.

अस्थिपंजर
आत्याबाई, लेप लावा, शेक घ्या, माझी हरकत नाही (पहिले दोन दिवस तोही नको, बर्फच बरा). पण चोळू नका हो. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, किंवा माणसाला धड चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. चोळून सरकलेली हाडं आमच्याकडेच येतात शेवटी.

चिंतू, आईंचं वय काय? शुगर आहे का? स्ट्रॅपिंग म्हणजे चिकट इलॅस्टिक पट्टी लावली होती, की प्लास्टरचा स्लॅब? शुगर असेल तर बोटांचा रंग आणि बधिरपणा बघत राहा. अशा पायाला घट्ट पट्टी टोचली तरी पेशंटला कळत नाही.

चिंचवडचा_चिंतू
अहो, उपचार विचारलेच नाहीत मी. क्लेम विचारलाय.
वय ६३, शुगर आहे. पट्टी चिकटवाली, वर क्रेप. रात्री जेवणानंतर सोसायटीच्या जिन्यात पाय वाकडा पडला. शुगर खूप वाढलेली दिसली म्हणून रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. म्हणजे ऍडमिट होतीच. ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, आईवडील त्यात आहेत.
मेलमधलं कारण असं आहे: रुग्णालयातील वास्तव्य २४ तासांपेक्षा कमी, डे-केअर यादीत समावेश नाही, बाह्यरुग्ण विभागात होऊ शकणारा उपचार.

फाईलवाला
विमा एजंट आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. २४ तास सलग ऍडमिट असणं ही मूळ अट. त्याला अपवाद डे-केअरचा, म्हणजे भूल देऊन केलेला असा उपचार, ज्याला पूर्वी चोवीस तासांहून जास्त राहावं लागायचं आणि आता लागत नाही. मोतीबिंदू हे नेहमीचं उदाहरण. जे एरवी ओपीडीतच होतं ते व्याख्येतच वगळलंय. स्ट्रॅपिंगला भूल लागत नाही. सांधा निखळला आणि भूल देऊन बसवला असता तर गोष्ट वेगळी होती.
तेव्हा नाकारलं ते नियमाला धरून आहे, वाईट वाटू देऊ नका.

कट्ट्यावरचा_बाळू
सोपा उपाय सांगू का? हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्याला भेटा. डिस्चार्जची वेळ रात्री उशिराची करून द्या म्हणावं. चोवीस तास भरले, विषय संपला. सगळे करतात.

फाईलवाला
सगळे करत नाहीत, आणि जे करतात ते सापडतात. नर्सिंगच्या नोंदी, फार्मसीच्या बिलावरची वेळ, सगळं मागवतात. एकदा खोटं कागदपत्र सापडलं की हा क्लेम तर जातोच, ऑफिसच्या पॉलिसीत असाल तर नोकरीवरही येतं. इथे असले सल्ले देऊ नका.

कट्ट्यावरचा_बाळू
कंपन्या वर्षानुवर्षे लुटतात ते चालतं वाटतं.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत घोटा-पाऊल स्ट्रॅपिंगला बिलात टाकायचा स्वतंत्र कोडच आहे, २९५४०. बोटांना २९५५०. जखमेवर औषधी पट्टी गुंडाळतात त्याला २९५८०. माझ्या सासऱ्यांना मेडिकेअर (इकडचा ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहे, त्यात वर्षाची ठरावीक रक्कम आधी स्वतः भरली की मग २० टक्के आपले, बाकीचे ते देतात. पायाचा त्रास असलेल्या शुगरवाल्यांना वर्षाला एक जोड खास बुटांचासुद्धा मिळतो. पण डॉक्टरने तपासणी आणि पट्टी अशी दोन्ही बिलं एकाच दिवशी लावली की खरी मारामारी सुरू होते. आईवडील फिरायला येणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्स नीट बघून घ्या.

हिशेबनीस
चिंचवडला २९५४० चा उपयोग नाही हो.

चिंतू, बिलाची फोड टाका. एकूण आकडा सांगून काही कळत नाही.

चिंचवडचा_चिंतू
कॅज्युअल्टी आणि ऑर्थोची फी २,०००
बेड ३,५००
एक्स-रे १,२००
स्ट्रॅपिंग १,८००
इंजेक्शनं-औषधं १,१००
क्रेप बँडेज ३५०
वॉकर १,४५०

हिशेबनीस
क्रेप आणि वॉकरचं आधी डोक्यातून काढून टाका. विमा नियामकाची न देण्याच्या वस्तूंची एक यादी आहे, ६८ वस्तूंची. क्रेप बँडेज, स्प्लिंट, गळ्यात अडकवायची झोळी, नी-ब्रेस, चालायला लागणारी साधनं, शुगरवाल्यांची पादत्राणं, सगळं तिच्यात बसवलंय. पॉलिसीला कन्झ्युमेबल्सचा, म्हणजे असल्या वापराच्या वस्तूंचा, जोड (रायडर) घेतलेला असेल तरच काही मिळतं, तेही जोडाच्या अटी बघून. ऑफिसच्या पॉलिसीत तो क्वचितच असतो.

गंमत म्हणजे साधी सुती पट्टी, गॉज, सर्जिकल टेप, कापूस या गोष्टी वेगळ्याच यादीत आहेत. त्या प्रोसिजरच्या रकमेतच धरायच्या, वेगळ्या लावायच्या नाहीत. म्हणजे स्ट्रॅपिंगचे १,८०० घेऊन वर टेपचे ९० लावले असतील तर भांडण विम्याशी नाही, हॉस्पिटलशी आहे. औषधांचं बिल उलगडून बघा, बहुतेक तिथेच लपलेलं असतं.

मावळतीचा_वारा
मुळात जिन्यात पाय वाकडा का पडला? दिवा नव्हता का? आमच्या सोसायटीत तीन महिने दिवा बंद आहे, सेक्रेटरी म्हणतात टेंडर काढू. अरे एका बल्बचं कसलं टेंडर! सोसायटीकडून भरपाई मागा.

मालूआत्या
आणि त्या जिन्यांना ग्रॅनाइट का लावतात कोण जाणे. पावसाळ्यात मरण.

अस्थिपंजर
चिंतू, पट्टी लावून आता किती दिवस झाले? सूज उतरली का? पुन्हा एक्स-रे काढला का? ६३ वर्षांच्या शुगरच्या बाईंचा नुसता मुरगळलेला पाय म्हणून सोडून देऊ नका, एवढ्यासाठी विचारतोय.

चिंचवडचा_चिंतू
हो हो, तो पाय नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बघितला. उभं करून एक्स-रे काढला, त्यात बाहेरच्या बाजूचं हाड सरकलेलं निघालं. ऑपरेशन झालं, प्लेट घातली. तीन रात्री होती. ते कॅशलेस झालं, त्याचं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न पहिल्या बिलाचा आहे.

फाईलवाला
अहो!!
हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना.

हिशेबनीस
हेच तर कळेना की एवढ्या चिडलेल्या माणसाकडून काय राहून गेलंय.
पहिल्या बिलापासून ऑपरेशनसाठी ऍडमिट होईपर्यंत किती दिवस गेले?

चिंचवडचा_चिंतू
दहा-बारा दिवस असतील. त्याचा इथे काय संबंध? तो वेगळा क्लेम, वेगळं हॉस्पिटल.

हिशेबनीस
सगळा संबंध तिथेच आहे. तुम्ही पहिलं बिल स्वतंत्र क्लेम म्हणून टाकलंत, म्हणून २४ तासांची अट लागली. तेच बिल ऑपरेशनच्या क्लेमच्या आधीचा खर्च म्हणून टाकायचं. बहुतेक पॉलिसींत ऍडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि सुटल्यानंतरचे ६० दिवस धरतात. अटी दोनच: खर्च त्याच दुखण्यावरचा हवा आणि मुख्य क्लेम मंजूर झालेला हवा. दुसरी अट तुमची झालीच आहे. हॉस्पिटल वेगळं असल्याने काही अडत नाही. त्याच क्लेम नंबरवर टाका.

फाईलवाला
बरोबर, पण एका ठिकाणी अडेल. पहिल्या कागदावर निदान काय लिहिलंय? 'घोट्याचा स्प्रेन' असेल. दुसऱ्यावर फ्रॅक्चर. तिकडचा बाबू म्हणणार, दुखणी वेगळी. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: अमुक तारखेला पडल्याने झालेली हीच इजा, आधी स्ट्रॅपिंग केलं होतं, नंतरच्या एक्स-रेत अस्थिरता दिसली, म्हणून शस्त्रक्रिया. पहिल्या एक्स-रेची फिल्म नाहीतर सीडी जोडा. कसं पडलात याचं तुमच्या सहीचं निवेदनही आताच जोडून टाका, नाहीतर महिन्याने मागतील.

अस्थिपंजर
असं पत्र कुठलाही ऑर्थो देईल, त्यात खोटं काहीच नाही. झोपवून काढलेल्या पहिल्या फिल्ममध्ये सांधा जागेवर दिसतो, वजन पडलं की उघडतो. पहिल्या डॉक्टरला लगेच मूर्ख ठरवू नका.

कट्ट्यावरचा_बाळू
डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात, नवीन काय त्यात.

अस्थिपंजर
बाळू, तुमचा घोटा दुखला की या, फी घेणार नाही. पण वेळ बदलून देणार नाही.

तळेगावकरीण
मध्येच विचारते. माझ्या धाकट्या जावेला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे, पगार २१ हजारांच्या आत. कारखान्यात पाय मुरगळून प्लास्टर झालं. तिचं बँडेज धरून सगळं फुकट झालं, आणि कामावर असताना झालं म्हणून घरी बसली त्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांप्रमाणे पैसेही मिळाले. चिंतूंच्या आईंना ईएसआय नाही का चालणार?

फाईलवाला
चिंतूंचा पगार त्या मर्यादेच्या वर असणार, म्हणून तर ऑफिसने ग्रुप पॉलिसी दिलीय.

चिंचवडचा_चिंतू
पगारावर चर्चा नको. क्लेमची मुदत उलटली असेल तर? डिस्चार्जला महिना होऊन गेला.

हिशेबनीस
मुदत पॉलिसीत बघा (सॉरी, शेवटी म्हणावंच लागलं). उलटली असली तरी टाकाच. उशीर झाला एवढ्या एकाच कारणावर खरा क्लेम फेटाळू नका, असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना लिहून दिलंय. तुमच्याकडे तर कारणही आहे, तुम्ही आधी स्वतंत्र टाकला होता आणि त्याचा मेल आहे.

आणखी एक. तो नकाराचा मेल कोणाकडून आलाय, विमा कंपनीकडून की टीपीएकडून (कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद बघणारी संस्था)? क्लेम नाकारण्याचा अधिकार टीपीएला नाही, कंपनीचाच आहे. पॉलिसीचं कुठलं कलम लावलं तेही लिहावं लागतं. एचआरला मध्ये घाला. ग्रुप पॉलिसीत एचआरच्या एका फोनवर हलतं ते आपल्या दहा मेलवर हलत नाही.

फाईलवाला
आणि तक्रारीचा क्रम सांगतो, मूळ प्रश्न तोच होता. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल. फी नाही, वकील चालत नाही, ग्रुप पॉलिसीची तक्रारही घेतात. कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगात गेलात तर त्याच विषयावर लोकपाल ऐकत नाही, म्हणून तो मार्ग शेवटी.

चिंचवडचा_चिंतू
अपडेट देतो. डॉक्टरांचं पत्र आणि सीडी जोडून ऑपरेशनच्या नंबरवर टाकलं, एचआरला फोन करायला लावला. ६,१०० मंजूर. क्रेप आणि वॉकर कापले ते समजलं. पण बेडचे ३,५०० पण कापलेत. 'निरीक्षणासाठीचे वास्तव्य' म्हणे. हे बरोबर आहे का?

फाईलवाला
आधीच्या खर्चात तपासण्या, औषधं, डॉक्टरची फी धरतात. बेड सहसा नाही. सोडून द्या.

हिशेबनीस
मी नाही सोडणार. व्याख्येत 'वैद्यकीय खर्च' आहे, बेड वगळून असं कुठे लिहिलंय? शुगर वाढलेली असताना डॉक्टरांनी ठेवून घेतलं, हौस म्हणून नाही राहिल्या. कलम कुठलं लावलं ते लेखी विचारा.

फाईलवाला
साडेतीन हजारांसाठी सहा महिने?

हिशेबनीस
मेल लिहायला दहा मिनिटं लागतात.

चिंचवडचा_चिंतू
लिहितो. आता फिजिओ सुरू झालाय, घरी येतात, प्रत्येक वेळचे ६००. ते मिळतील का?

हिशेबनीस
सुटल्यापासून ६० दिवसांच्या आतले असतील आणि डॉक्टरांनी कागदावर किती वेळा ते लिहून दिलं असेल तर टाका. फिजिओची पावती नोंदणी क्रमांकासकट घ्या. पैसे फोनवरून दिले तर त्याचा स्क्रीनशॉट पावती म्हणून चालत नाही. आणि सगळी बिलं एकदाच टाका, दर आठवड्याला नको.